पुराच्या जागेतली बाग

पुण्यात म्हात्रे पुलापासून मुळा-मुठेच्या संगमापर्यंत मुठेच्या दोन्ही अंगांना जी मोकळी जमीन दिसते तिला सगळे सरसकट 'पडीक' म्हणतात. तिथे गाड्या लागतात, राडारोडा पडतो, गाजरगवत आणि सुबाभूळ माजते. डेक्कनच्या बाजूने सुमारे १.७ किलोमीटर मेट्रोचे खांबही आता पात्रात उभे आहेत. एका काठाला डेक्कन, दुसऱ्या काठाला पेठा, आणि मधोमध एवढी सलग जमीन. इथे बाग व्हावी असं कुणालाही वाटेल, मलाही मनापासून वाटतं. पण आजूबाजूचा इंचन् इंच बांधला जात असताना ही जमीन रिकामी का राहिली, हे आधी विचारायला हवं. ती राहिली कारण खडकवासला धरणातून पाणी सुटलं की नदी तिथे येते. वर्षातले काही दिवस ती जागा नदी वापरते. उरलेले दिवस माणसांनी वापरावी, एवढीच सोय आपल्याला करायची आहे.

म्हणून नदीकाठच्या बागेचा आराखडा वाचताना मी एकच प्रश्न धरून बसतो: यातली प्रत्येक गोष्ट दोन दिवस वाहत्या पाण्याखाली गेली तर तिचं काय होईल? बाक, दिवा, रोप, पायवाट, कचरापेटी, सगळ्यांना हाच प्रश्न. ज्याचं उत्तर मिळत नाही ते रस्त्याच्या पातळीवर न्यायचं. आणि जमिनीची पातळी भर घालून वाढवायची नाही. जरासुद्धा नाही.

रेषा आणि आकडे

महाराष्ट्रात पाटबंधारे खातं नदीला दोन रेषा आखून देतं. २५ वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची निळी, आणि १०० वर्षांतून एकदाच्या पुराची लाल. दोन निळ्या रेषांमधलं क्षेत्र निषिद्ध. तिथे बांधकाम नाही. बाग, क्रीडांगण अशा मोकळ्या वापराला वाव आहे. निळी ते लाल हे नियंत्रित क्षेत्र. मुठेसाठी निळी रेषा ६०,००० क्युसेकची आणि लाल १,००,००० क्युसेकची धरली जाते. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८.३ लिटर, म्हणजे निळ्या रेषेला सेकंदाला जवळजवळ १७ लाख लिटर पाणी वाहत असतं.

पण बाग आखायला या दोन रेषा पुरत नाहीत. त्या कायद्याच्या रेषा आहेत. जुलै २०२४ मध्ये धरणातून सुमारे ३५,००० क्युसेक सोडलं जात असताना सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांत पाणी शिरलं होतं. विसर्गाच्या आकड्यात धरणाखाली पडणारा पाऊस धरलेला नसतो, ओढ्यांचं पाणी नसतं, आणि पात्रात वर्षानुवर्षं पडलेली भर तर नसतेच. सप्टेंबर २०१९ मध्ये आंबिल ओढ्याला एका रात्रीत जो जीवघेणा पूर आला त्याला खडकवासल्याचा विसर्ग कारण नव्हता.

तेव्हा पहिलं काम पातळीचं. जागेचा कंटूर नकाशा, म्हणजे समान उंचीच्या रेषांचा नकाशा, २० सेंटिमीटरच्या अंतराने काढायचा. ५० सेंटिमीटरचा चालत नाही, कारण इथे अर्ध्या मीटरवर 'दरवर्षी बुडणारी' आणि 'पाच वर्षांनी बुडणारी' जमीन ठरते. दर २५–३० मीटरला नदीचा आडवा छेद घ्यायचा, आणि तो फक्त आपल्या काठाचा घेऊन थांबायचं नाही. समोरच्या लाल रेषेपर्यंत न्यायचा. नदी दोन्ही काठांची मिळून एक असते. इकडे अडवलं की तिकडे चढतं.

मग गेल्या दहा-वीस वर्षांचे विसर्गाचे आकडे घेऊन प्रत्येक छेदावर लिहायचं: इतक्या क्युसेकला पाणी इथवर, इतके तास. जुन्या घाटांवरच्या, पुलांच्या खांबांवरच्या गाळाच्या खुणा ताडून पाहायच्या. भिडे पूल पाण्याखाली गेला ही पुणेकरांची जुनी मोजपट्टी आहेच. हे झालं की जमिनीचे आपोआप तीन थर पडतात: पावसाळ्यात अनेकदा बुडणारा, काही वर्षांनी बुडणारा, आणि लाल रेषेच्या आसपासचा. पुढचे सगळे निर्णय या तीन थरांवर बेतायचे. बहुतेक आराखड्यांत ही पायरी गाळलेली असते. सुंदर चित्रं आधी येतात आणि पातळ्या नंतर शोधल्या जातात. मग पहिल्याच पावसाळ्यात खेळणी वाहून जातात.

राडारोडा

शहरातल्या कुठल्याही नदीकाठावर खरं मोठं काम हेच असतं. वरवर पाहिलं तर माती दिसते, हातभर खणलं की विटा, फरशीचे तुकडे, सिमेंटचे गोळे, प्लास्टिक, कधी गॅरेजचं जळकं तेल. किती आहे ते डोळ्यांनी कळत नाही. ३० मीटरच्या चौकटी पाडून प्रत्येकीत एक खड्डा जेसीबीने खणायचा, खालची मूळ पोयटा माती किंवा कातळ लागेपर्यंत. प्रत्येक खड्ड्याच्या बाजूला थरांची खोली लिहून फोटो काढायचा. पुण्यात खाली काळा बेसाल्ट असल्यामुळे पुष्कळ ठिकाणी तो लवकर लागतो. ते चांगलंच, पायऱ्या आणि बाकांचा पाया थेट कातळात जातो.

हिशेब असा. एक हेक्टर जागेवर सरासरी एक मीटर भर असेल तर ती १०,००० घनमीटर, म्हणजे सुमारे ३,५०० ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). हायवा डंपरमध्ये पाच ब्रास धरलं तर ७०० खेपा. निविदेत हा आकडा नसेल तर कंत्राटदार काय करतो ते ठरलेलं आहे: पोकलेनने राडारोडा सपाट करायचा, वर वीतभर लाल माती टाकायची, त्यावर लॉन अंथरायचं. दिसायला बाग तयार. पण त्याखाली मुळं जात नाहीत, पाणी जिरत नाही, आणि नदीची १०,००० घनमीटर जागा, म्हणजे एक कोटी लिटर पाण्याची जागा, कायमची गेलेली असते. ते पाणी कुणाच्या तरी घरात जातं.

काढलेला राडारोडा दुसऱ्या ओढ्यात जाऊ नये म्हणून खेपांचं वजन आणि पोचपावती यांवरच बिल काढायचं. बांधकाम आणि पाडकामाच्या कचऱ्यासाठी २०१६ पासून स्वतंत्र नियम झाले आहेत, तेव्हा प्रक्रिया केंद्राची पावती मागण्यात कुणावर उपकार नाहीत. विटांचे स्वच्छ तुकडे आणि काँक्रीट दळून वरच्या थरातल्या पायवाटेखाली वापरता येतं. खालच्या थरात नको, पुरात ते उघडं पडतं.

मातीचे नमुने दोन खोल्यांवरून घ्यायचे, ०–१५ सेंटिमीटर आणि ३०–६० सेंटिमीटर. सामू (पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब हे नेहमीचं. त्याखेरीज शिसं, जस्त, क्रोमियम आणि तेलाचे अंश. भंगारवाले, गॅरेज किंवा बॅटरीचं काम जिथे चालत होतं तिथले नमुने वेगळे ठेवायचे, सगळे एकत्र कालवले तर डाग लपतो. वाईट निघालेली माती उचलून न्यायची. ती 'झाकून' ठेवण्याचा उपाय कोरड्या जागी चालतो, पुराच्या जागी झाकण धुऊन निघतं आणि माती गावभर पसरते.

राडारोडा काढल्यावर खालची जमीन वर्षानुवर्षं गाड्यांनी चेपलेली असते. ती मार्च ते मे कोरडी असताना ४५ ते ६० सेंटिमीटर खोल फोडायची. ओली असताना फोडली तर काळ्या मातीची ढेकळं होतात आणि ती आणखी घट्ट बसते. त्यावर हरळीसाठी ३० सेंटिमीटर आणि झुडपांसाठी ६० सेंटिमीटर चांगली माती मिळायला हवी. ही माती धरूनही अंतिम पातळी जुन्या मूळ जमिनीच्या वर जाता कामा नये. खड्ड्यांचे फोटो इथे कामी येतात.

आधी नाले

मैलापाणी वाहत असेल तर नदीकाठी बाग करण्यात अर्थ नाही. नाकाला रुमाल लावून कुणी बागेत बसत नाही. पुण्यात जपानी कर्जातून ३९६ एमएलडी (दिवसाला ३९६ दशलक्ष लिटर) क्षमतेच्या ११ मैलाशुद्धी केंद्रांचं काम घेतलं आहे. पण केंद्र तयार असणं आणि आपल्या काठावरचा नाला त्या केंद्रापर्यंत पोचणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. जागेत उतरणारा प्रत्येक पाइप, प्रत्येक नाला मेच्या कडक उन्हात पाहायचा. मे महिन्यात ज्यातून पाणी वाहतं त्यातलं पाणी पावसाचं नसतं.

असं कोरड्या दिवसांतलं पाणी काठाच्या वरच्या बाजूने टाकलेल्या वाहिनीत वळवायचं. पावसाळ्यात मात्र त्याच नाल्याला नदीत मोकळं जाता आलं पाहिजे. नाल्याच्या तोंडाशी अडसर घालून वर बाग केली, की पाऊस जोराचा झाल्यावर पाणी मागे पेठेत फुगतं. तोंडाजवळ पाइपच्या व्यासाच्या निदान पाचपट लांबीची दगडी फरसबंदी करायची, २०० ते ३०० मिलिमीटरचे दगड, नाहीतर एका पावसात तिथे मोठी घळ पडते. नदीचं पाणी मागे शिरू नये म्हणून लावलेल्या झडपा प्लास्टिक अडकून उघड्याच राहतात. त्या लावल्या तर दर आठवड्याला हाताने उघडून-मिटून पाहणारा माणूसही लावायला हवा.

पाणी साठेल असे खळगे ठेवले तर ७२ तासांत रिते झाले पाहिजेत. त्याहून जास्त साठलं की डास, आणि डास झाले की लोक बागच नको म्हणतात.

भिंत की उतार

या प्रश्नावर लोक हमरीतुमरीवर येतात, आणि यायलाच हवं, कारण एकदा भिंत झाली की पुढच्या दोन-तीन पिढ्या ती हलत नाही.

अहमदाबादेत साबरमतीला दोन्ही काठांवर सुमारे ११.५ किलोमीटर भिंती बांधून पात्राची रुंदी सरसकट २६३ मीटर केली आणि जवळजवळ २०० हेक्टर जमीन मिळवली. तिथलं पाणी वासणा बंधाऱ्यामागे अडवलेलं, नर्मदेच्या कालव्यातून आलेलं आहे. वरून पाणी सुटलं की खालचा पदपथ बंद करावा लागतो. लोकांना फिरायला जागा मिळाली हे खरं. पण तो नमुना मुठेवर आणताना हे ध्यानात घ्यावं की मुठा मुळातच अरुंद, उताराची नदी आहे, वर सह्याद्रीचा घाट आहे, आणि धरणं शहराला चिकटून आहेत. १२ जुलै १९६१ च्या पानशेत धरणफुटीच्या आठवणीनंतर या गावाने पात्र कमी करण्याचा विचारसुद्धा जपून करावा. पुण्याच्या ४४ किलोमीटरच्या नदीकाठ प्रकल्पात बांध आणि पातळ्यांवरून जे आक्षेप घेतले गेले ते मला याच कारणासाठी मोलाचे वाटतात.

उलटं उदाहरण सिंगापूरचं. बिशान–आंग मो किओ उद्यानात २.७ किलोमीटरचा सरळ काँक्रीट कालवा फोडून ३.२ किलोमीटरची वळणं घेत वाहणारी नदी केली, ६२ हेक्टरच्या बागेत, २०१२ साली. पूर आला की बाग नदीत जाते आणि प्रवाहाची रुंदी जवळपास १०० मीटर होते. मला त्यातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते ती निराळीच: मुख्य काम सुरू करण्याआधी त्यांनी एका बाजूच्या नाल्यावर ६० मीटरच्या पट्ट्यात काठ धरून ठेवण्याच्या दहा वेगवेगळ्या पद्धती लावून पाहिल्या. जे टिकलं तेच पुढे वापरलं. आपल्याकडे ६० मीटरची चाचणी कुठल्याही महापालिकेला परवडेल.

माद्रिदने मांझानारेस नदीकाठचा हमरस्ता बोगद्यात घातला आणि २०११ मध्ये वर मोठी बाग उघडली. नदी मात्र दारं लावून भरलेली ठेवली होती. २०१६ मध्ये ती दारं उघडली, पाणी उतरलं, आणि पात्रात वाळूची बेटं, गवत, पक्षी आपसूक परत आले. भरलेली नदी दिसायला छान दिसते, पण वाहती नदी स्वतःची साफसफाई करते. आपल्या जलपर्णीलाही असंच साठलेलं, सांडपाण्याने पोसलेलं पाणी लागतं.

तर उतार. मोकळ्या मातीला १:३ पेक्षा (एक मीटर चढायला तीन मीटर आडवं अंतर) जास्त उभा नको; लोकांनी बसावं असं वाटत असेल तर १:५. सगळ्यांत खाली, जिथे पाणी रोज घासतं, तिथे मोठे दगड किंवा गॅबियन (तारेच्या जाळीत भरलेले दगड), पण गॅबियनचा पाया कातळावर किंवा पात्राच्या तळाखाली एक मीटर तरी हवा. गॅबियन बहुधा खालून खणलं जाऊन पुढे कलंडतं, जाळी तुटून क्वचितच. त्याच्या वर काथ्याची जाळी, चौरस मीटरला ७०० ते ९०० ग्रॅम वजनाची. वरच्या टोकाला ३० × ३० सेंटिमीटरच्या चरात पुरायची, दर मीटरला लाकडी खुंटी ठोकायची. जोड घालताना प्रवाह ज्या बाजूने येतो तिकडचा पन्ना वर आणि पुढचा खाली, १५ ते २० सेंटिमीटर एकावर एक. कौलं घालतो तसंच. उलटं घातलं तर पाणी जोडात शिरून संपूर्ण जाळी गोधडीसारखी उलटवतं.

जाळीत वाळ्याच्या ओळी लावायच्या, उताराला आडव्या, दोन ओळींत उंचीचा एक मीटर फरक आणि दोन ठोंबांत १० ते १५ सेंटिमीटर. वाळ्याची मुळं सरळ खोल जातात आणि काठाला शिवून टाकतात.

काय लावायचं आणि केव्हा

आपल्याकडे झाडं जूनमध्ये लावायची रीत आहे. पुराच्या जागेत ही रीत मोडावी लागते. जूनला लावलेलं रोप जुलैच्या शेवटी पहिल्या पाण्यात उपटून जातं, आणि दरवर्षी तोच खड्डा, तोच खर्च. पूर ओसरल्यावर, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर, लावायचं. जमिनीत ओल असते आणि मुळांना पुढच्या पुरापर्यंत आठ-नऊ महिने मिळतात. उन्हाळ्यात पाणी घालावं लागतं. तो खर्च पहिली दोन वर्षं धरायचाच.

खालच्या थरात पाण्यात तगणारी मंडळी: वाळुंज, शेरणी, उंबर, करंज, पाणजांभूळ. शेरणी तर प्रवाहातल्या खडकांत उगवते, वाकते, पाणी गेल्यावर पुन्हा उभी राहते. वाळुंजाच्या ६० ते ९० सेंटिमीटरच्या, अंगठ्याएवढ्या जाड फांद्या दोन-तृतीयांश जमिनीत रोवल्या तरी फुटतात. मधल्या थरात अर्जुन, जांभूळ, ताम्हण, कदंब. गुलमोहर, नीलमोहर हे इथे नकोतच. मुळं वरवरची, एका पुरात आडवे.

किती दाट लावायचं हा प्रश्न हौसेवर सोडू नये. पाण्याला होणारा अडथळा अभियंते मॅनिंगच्या गुणांकाने मोजतात. पूरमैदानावर आखूड गवताला तो साधारण ०.०३०, दाट झुडपांना ०.१०० धरतात. तिपटीहून जास्त. म्हणजे अख्ख्या काठावर दाट झुडपं लावली तर भिंत न बांधताही पुराची पातळी चढते. उपाय सोपा आहे: झुडपांचे पट्टे प्रवाहाला समांतर, मध्ये हरळीचे मोकळे पट्टे, आणि झाडं खालून स्वच्छ बुंध्याची, दोन मीटरपर्यंत फांद्या छाटलेली. झाडांचे पुंजके लांबोळे, होडीच्या आकाराचे ठेवले तर पाणी बाजूने सरतं.

लॉनसाठी साधी हरळी. गालिचासारखी गुंडाळी करून विकतात ते लॉन पुरात गुंडाळी होऊनच जातं. हरळी दोन-तीन दिवस पाण्याखाली टिकते आणि दोन बोटं गाळ साचला तरी त्यातून वर येते.

झाडांभोवती लोखंडी पिंजरे लावू नयेत. त्यात प्लास्टिक अडकतं, पिंजऱ्याचं शीड होतं, आणि तो झाडासकट निघतो. प्रवाह येतो त्या अंगाला दोन भक्कम बांबू, सैल काथ्याची दोरी, बस. खड्ड्याची माती जमिनीच्या पाच सेंटिमीटर खाली ठेवून वर काथ्याची चकती खुंट्यांनी बसवायची. आधीपासून उभी असलेली झाडं, अगदी बाभूळसुद्धा, शक्य तितकी राखावीत. त्यांनी अनेक पूर सोसलेले असतात, त्यांची परीक्षा झालेली आहे. शिवाय १९७५ च्या झाडांच्या कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय ती तोडता येतही नाहीत.

पायवाट, बाक, कठडा

पेव्हर ब्लॉक निळ्या रेषेच्या आत घालू नयेत. त्यांच्या खालची कच पाणी फटींतून खेचून नेतं, एक ब्लॉक हलतो, मग ओळच्या ओळ उसवते. मुख्य वाट जागेवर ओतलेल्या काँक्रीटची, तीन मीटर रुंद, १५० मिलिमीटर जाड, दर चार मीटरला सांधा, नदीकडे ५० ला १ उतार. नदीच्या बाजूच्या कडेला ४५ ते ६० सेंटिमीटर खोल आडवी टाचभिंत हवीच. ती वाचवली की पाणी काँक्रीटच्या खालून माती काढतं आणि वाट वरून धडधाकट दिसत असताना आतून पोकळ होते. फिरायच्या आडवाटा मुरमाच्या चालतील. दर दिवाळीआधी थोडा मुरूम टाकावा लागेल, तो खर्च मान्य करून टाकावा.

वाटेचा चढ २० ला १ ठेवता आला तर चाकाच्या खुर्चीला आणि बाळाच्या गाडीला कठडा लागत नाही. जागा अडचणीची असेल तर १२ ला १ उताराचा रॅम्प. हे महत्त्वाचं, कारण कठडा हाच पुरातला सर्वांत मोठा शत्रू. दहा मीटर लांब, एक मीटर उंच कठड्यात जलपर्णी आणि प्लास्टिक अडकून तो बंद झाला आणि पाण्याचा वेग सेकंदाला दोन मीटर असला तर त्यावर सुमारे चार टनांचा जोर येतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट, सोळा टन. प्रवाहाला आडवा कठडा कधीच नको. समांतर लागलाच तर काढून ठेवता येईल असा.

बाक काळ्या दगडाचे. दीड मीटर लांब, ४५ सेंटिमीटर रुंद आणि तेवढाच उंच बेसाल्टचा ठोकळा साडेआठशे किलोच्या आसपास भरतो; पाण्यात बुडाल्यावरही त्याचं साडेपाचशे किलो वजन उरतं. तरी खाली कातळात दोन गज घालून जखडावा. बिडाचे पाय असलेले लाकडी बाक, प्लास्टिकच्या कचरापेट्या, पोकळ घसरगुंड्या या पुरात वाहून जाणाऱ्या वस्तू आहेत, त्या पुढच्या पुलाच्या कमानीत जाऊन अडकतात. खेळणी, स्वच्छतागृह, पाणपोई, चहाची टपरी हे सगळं लाल रेषेपलीकडे, रस्त्याच्या पातळीवर.

पायऱ्यांचा घाट आपल्याला नवा नाही. पायरीची उंची १५ सेंटिमीटर, रुंदी ४० ते ४५, आणि प्रत्येक पायरीला पुढे किंचित उतार, गाळ पाण्याबरोबर निघून जावा म्हणून. जुन्या घाटांवर हात फिरवून पाहिलं तर हा उतार जाणवतो. खाली जाणाऱ्या प्रत्येक वाटेपासून वर येण्याची दुसरी वाट जवळ असावी. अचानक पाणी आलं तर माणूस भिंतीला लागून अडकता कामा नये.

वीज

जुलै २०२४ च्या पुरात पुलाची वाडी परिसरात विजेचा धक्का बसून तिघे तरुण गेले. ही गोष्ट डोळ्यासमोर ठेवूनच बागेची वीज आखली पाहिजे.

सगळी पॅनेल लाल रेषेच्या वर, निदान एक मीटर उंच ओट्यावर. काठाच्या दिव्यांसाठी स्वतंत्र फीडर (वीजवाहिनी), रस्त्याच्या दिव्यांशी जोडलेला नाही, आणि तो एका ठिकाणी, एका खटक्यात बंद करता आला पाहिजे. प्रत्येक सर्किटला ३० मिलिअँपिअरचं गळती-रक्षक. लाल रेषेखाली केबलला जोड असू नये. खांबाच्या पायाशी जी छोटी दारं असतात ती इथे चालत नाहीत, जोड खांबाच्या डोक्याशी घ्यायचा. माझं स्पष्ट मत आहे की खालच्या थरात दिवे लावूच नयेत. वरच्या कडेला उंच खांब उभारून खाली प्रकाश टाकावा. सर्वांत खालचा काठ अंधारातच राहू द्यावा. माशांना आणि वटवाघळांनाही तो हवा असतो.

वीज केव्हा बंद करायची हे माणसाच्या मर्जीवर ठेवू नये. धरणातून अमुक इतका विसर्ग जाहीर झाला की दारं बंद, तमुक झाला की वीज बंद, असं फलकावर लिहिलेलं असावं आणि रात्रपाळीच्या पहारेकऱ्याला त्याचा अधिकार असावा. विसर्ग रात्री दोनलाही वाढतो.

पूर गेल्यावर

अमेरिकेत लुईव्हिल शहरात ओहायो नदीकाठच्या भंगाराच्या आणि वाळूच्या यार्डांच्या जागी ८५ एकरांची बाग झाली, पहिला टप्पा १९९९ साली उघडला. ती बुडणार हे धरूनच आखली आहे. ह्यूस्टनची बफेलो बायू बाग २०१५ मध्ये पुरी झाली आणि २०१७ च्या हार्वी वादळात तिचे खालचे भाग गाळाखाली गेले. दोन्ही बागा आजही वापरात आहेत, कारण पूर ओसरल्यावर साफसफाई करण्याची व्यवस्था त्यांच्याकडे होती.

एक हेक्टरवर पाच सेंटिमीटर गाळ म्हणजे ५०० घनमीटर, पावणेदोनशे ब्रास. हा गाळ ओला असताना पाण्याच्या फवाऱ्याने सहज निघतो. दोन दिवस ऊन लागलं की काळी माती विटेसारखी होते, मग कुदळ लागते. म्हणून पाणी उतरू लागलं की त्याच्या मागोमाग, वरून खाली, वाटा आणि पायऱ्या धुऊन काढायच्या. टँकर उतरेल असा रॅम्प आणि दर १०० मीटरला पाण्याची जोडणी आराखड्यातच हवी. हरळीवरचा पातळ गाळ तसाच सोडावा. जाड असेल तर फावड्याने काढून ढीग करावा, पण त्यात मैला मिसळलेला असतो, तेव्हा हातमोजे आणि गमबूट सफाई करणाऱ्या प्रत्येकाला मिळालेच पाहिजेत, आणि लहान मुलांना बाग आठवडाभर बंद.

या कामाचा पैसा देखभालीच्या कलमात दरवर्षी वेगळा काढून ठेवायचा, पूर येवो न येवो. 'आपत्ती' म्हणून नंतर मंजुरी मागत बसलं तर गाळ वाळून जातो. हेक्टरमागे दोन कायमचे माळी आणि पावसाळ्यात दहा-बारा जणांची तयार टोळी, एवढ्याने भागतं असा माझा अंदाज आहे.

पहिल्या पावसाळ्यानंतर बागेतल्या प्रत्येक खांबावर गाळाची रेघ कुठे उमटली ते मोजायचं आणि विसर्गाच्या आकड्यासकट तिथेच रंगाने लिहून ठेवायचं. जुन्या छेदांपैकी एकाआड एकाच्या जागी, म्हणजे दर ५०–६० मीटरला, नवा आडवा छेद घ्यायचा, कुठे खणलं, कुठे भरलं ते जुन्या छेदावर काढायचं. जिथे नदीने दुसऱ्या वर्षीही तीच जागा खणली असेल तिथे दगड वाढवण्याऐवजी वाट दोन मीटर मागे घ्यायची.